आधी पडा, मग रक्त द्या

फवारणीचं औषध अंगात गेलेला मजूर जगेल की मरेल, हे रक्त तपासून आधीच सांगता येतं का, यावर आपल्याकडे अभ्यासांची कमी नाही. एम.डी.ला प्रबंधासाठी विषय हवा असतो, वॉर्डात विषबाधेच्या रुग्णांची वाण नसते, योग जुळून येतो. कुणी सीपीके मोजतो, कुणी अमायलेज, कुणी लॅक्टेट, कुणी न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर काढतो. निष्कर्षही बहुतेक ठरलेला: आकडा जितका बिघडलेला, तितका रुग्ण अत्यवस्थ. हे त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोनेही सांगितलं असतं, पण तिला पी-व्हॅल्यू काढता येत नाही.

तपासणीशी भांडण नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. मग तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच संपावर. हे एन्झाइम रक्तात मोजता येतं. तेव्हा दाखल होताना ते किती घसरलंय ते पाहायचं आणि भविष्य वर्तवायचं, असा सरळ हिशेब.

श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी तो मांडून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचं सार एवढंच की, रक्तातल्या या आकड्यावरून मृत्यूचा अंदाज बांधता येतो, पण कोणतं कीटकनाशक पोटात गेलंय हे माहीत असेल तरच. एका औषधात जो आकडा धोक्याची घंटा, तोच दुसऱ्यात फारसं काही सांगत नाही. एकच कटऑफ सगळ्यांना लावाल तर फसाल.

आता हा नियम घेऊन विदर्भातल्या कपाशीच्या धुऱ्यावर या. ड्रमात एक बाटली बोंडअळीची, एक पांढऱ्या माशीची, वर कसलंसं टॉनिक, आणि काडीने ढवळून पंपात. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन तर कंपनीनेच एका बाटलीत घालून दिलेलं असतं, त्यात आणखी भर. पंप पाठीवर घेणाऱ्याला नावं ठाऊक नसतात. ती मालकाला ठाऊक, मालकाला कृषी केंद्रवाल्याने सांगितलेली, आणि कृषी केंद्रवाल्याने उधारीवर दिलेल्या मालाचं बिल फाडलेलं नसतं. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कोणतं औषध? भाऊ सांगतो, पांढरी बाटली होती, झाकण हिरवं. घ्या, लावा कटऑफ.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी श्रीलंकेतूनच आणखी एक अभ्यास आला. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर गुण देणारी ग्लासगो कोमा स्केल विषबाधेसाठी खास बनवलेल्या मोजपट्टीइतकाच चांगला अंदाज देते, असं त्यात दिसलं. सुई नाही, नळी नाही, रिपोर्टची वाट नाही. अपवाद फेन्थिऑनसारख्या औषधांचा, ज्यात माणूस चांगला बोलत दाखल होतो आणि नंतर जातो. म्हणजे पुन्हा बाटलीचं नाव आलंच.

शिवाय सगळा खेळ पहिल्या रात्रीत संपत नाही. एक ते चार दिवसांत, बरा वाटणारा रुग्ण उशीवरून मान उचलू शकत नाही. पाठोपाठ श्वास दमतो. तेव्हा लागतो व्हेंटिलेटर, आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात मोकळा आहे की दीडशे किलोमीटरवर नागपुरात, यावर जीव लटकतो. ‘उपलब्ध खाट आणि मृत्युदर’ असा प्रबंध कुणी केला तर वाचायला आवडेल. सॅम्पल भरपूर मिळेल.

यवतमाळ आठवतंय ना? २०१७ चा पावसाळा सरताना, डोक्याएवढ्या उंच कपाशीत फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दाखल झाले. तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कोलिनेस्टरेज मोजायची सोयच नव्हती. ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा पक्की करणारी तपासणी, तीच नाही, आणि जिल्हा कोणता, तर कापसाचा! चौकशी मात्र झाली आणि त्यात मजुरांनी मास्क, हातमोजे घातले नाहीत याची रीतसर नोंदही झाली. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर भरलेला पंप घेऊन प्लास्टिकचा डगला घालून दाखवणारा अधिकारी अजून माझ्या पाहण्यात नाही.

खरा विनोद कायद्यात आहे. कीटकनाशक नियम, १९७१. त्यातला ३७ वा नियम सांगतो की कीटकनाशकांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची, फवारणी करणाऱ्यांची आणि व्यावसायिक पेस्ट कंट्रोलवाल्यांची नोकरीआधी वैद्यकीय तपासणी करा, नंतर कारखान्यातल्यांची दर तिमाहीला आणि इतरांची दर वर्षी. ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज नियमित मोजा. उत्तम नियम. बाटली भरणाऱ्याचं रक्त मोजायचं, बंगल्यात झुरळं मारणाऱ्याचंही मोजायचं. आणि तीच बाटली दिवसभर वाऱ्यावर उडवत, भिजल्या सदऱ्याने घरी जाणारा रोजंदार? फवारणारा म्हणून नियमात तोही येतो, पण कागदावरच. प्रत्यक्षात त्याचं रक्त घ्यायचं ते बेशुद्ध पडल्यावर, जगण्याची शक्यता किती हे पाहायला.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतात फवारणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज मोजणं सक्तीचं आहे. काम सुरू होण्याआधी त्या माणसाची स्वतःची मूळ पातळी मोजून ठेवतात, कारण माणसागणिक ती वेगळी असते. तांबड्या पेशींमधलं एन्झाइम मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की माणूस फवारणीतून बाहेर, ते सावरेपर्यंत. माणूस पडायच्या आधीच तपासणी बोलते. आपल्याकडच्या प्रबंधात मूळ पातळीचा रकाना नसतोच, कारण पडण्याआधी त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे हे कसं जमणार, मजूर आज या शेतात उद्या त्या, असं कृषी खातं म्हणेल. आरोग्य खातं म्हणेल, हा विषय कृषीचा. पण ताप आला की त्याच खात्याचा आरोग्य सेवक वस्तीवर जाऊन बोट टोचतो आणि हिवतापासाठी काचपट्टी घेतो. बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत कोलिनेस्टरेज सांगणारी, हातात मावणारी यंत्रंही निघालीत. जूनमध्ये एक थेंब, सप्टेंबरात दुसरा. दुसरा फार खाली गेला तर त्या माणसाला पंप देऊ नका, निंदणाला लावा, आणि मजुरी फवारणीचीच द्या.

वरची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न लगेच निघेल. निघू द्या. २०१७ मध्ये सरकारने मृतामागे दोन लाख जाहीर केले होते. फरकाची रक्कम त्याहून कमीच भरेल.