समुद्र बंद आहे

परभणीच्या माणसाला समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. म्हणून एरवी येलदरी धरण भरलं की तिथे जाऊन आम्ही हौस भागवतो. यंदा मात्र मानवतच्या दाजींनी मालवण ठरवलं, तेही जुलैत. मे महिना लग्नांत जातो, जून पेरणीत, आणि जुलैत खोलीचं भाडं निम्मं असतं.

कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात जपून चालतात. त्यामुळे कुडाळ येईतो दाजींना एकेक धबधबा नीट पाहता आला आणि प्रत्येकाबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता, "ह्याला बंधारा कामून घातला नाही?"

मालवणात उतरलो तर समुद्र बंद! म्हणजे होता जागेवरच, उसळतही होता, व्यवहार बंद. किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकलेल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणून ताटात सुरमईच्या जागी सुका बांगडा. "नारळी पुनवेक येवा," असं म्हणत मालकीणकाकींनी वर सोलकढी वाढली.

सिंधुदुर्ग पावसाआडून मधूनच दिसायचा आणि परत गुडूप व्हायचा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, हे सगळं दाजींनी हात जोडून ऐकलं. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आत आहेत म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. "भर समुद्रात गोडं पाणी लागलं? अन् आमच्या बोअरला तीनशे फुटांवर नुसता फुफाटा!"

त्यानंतर दाजींनी समुद्राकडे पाठ फिरवून पडवीत खुर्ची टाकली. परभणीत अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस इथे पडतो आणि बहुतेक सगळा व्हाळातून थेट समुद्रात जातो. दाजींना हे सहन होईना. त्यांनी न्हाणीघरातली बादली आणून पागोळीखाली लावली. ती बघता बघता भरली. मग ओतायची कुठे? पिंप भरलेलं, हौद भरलेला, अंगणात घोटाभर पाणी. शेवटी जड हातांनी त्यांनी ती व्हाळातच रिकामी केली आणि सवयीने पुन्हा पागोळीखाली लावली.

"पाऊस मेलो थांबाचा नाव घेणा नाय. कपडे सुकनत नाय," काकी करवादल्या.

"आमच्याकडं पाठवा की!"

तेवढ्यात मानवतहून व्हिडिओ कॉल आला. सोयाबीन उगवलंय, पण पावसानं खंड दिलाय. आभाळ नुसतं येतं आणि जातं. आता दुबार पेरणीची धास्ती. दाजींनी मोबाइल लाटांकडे वळवला, तसा तिकडून गलका झाला, "समुद्र राहू द्या, वरून पडायलंय ते दाखवा!" मग अर्धा तास सगळी भावकी आमची पागोळी बघत बसली. कुणी तरी शेजाऱ्यांनाही बोलावलं.

निघताना दाजींनी पुढच्या जुलैचीही खोली सांगून ठेवली. काकींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "समुद्र बंद म्हणान मी निम्मे पैशे सोडलंय. तुमी पाऊस बघूक येतास तर पुढच्या वर्षी पुरे लावतलंय."