शंभर मीटरांचं सोवळं

मतदानाच्या दिवशी तळेगाव दाभाड्यात शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरवर फक्कीची रेघ मारली जाते. रेघेच्या अलीकडे कार्यकर्ता मत मागतो, पलीकडे तब्येत विचारतो. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३० केंद्राजवळ मत मागायला, अमक्याला देऊ नका म्हणायला आणि चिन्ह मिरवायला मनाई करतं. गुडघ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यामुळे ‘काकू, गुडघा काय म्हणतोय?’ हा प्रश्न निव्वळ वैद्यकीय ठरतो. पावसाळ्यात दवाखान्यात न्यायला गाडी कुणी पाठवली होती, हे काकूंना तेवढ्यात आठवतं, पण त्याला कायदा काय करणार?

उमेदवाराच्या बूथला एक टेबल आणि दोन खुर्च्यांची मुभा. २० नोव्हेंबर २०२४ला मावळात विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा हा बूथ दोनशे मीटरच्या बाहेर ठेवायचा होता. मे २०२५मध्ये निवडणूक आयोगानं अंतर निम्म्यावर आणलं. म्हणजे आता टेबलाचा पाय थेट फक्कीला टेकला तरी चालेल. खुर्च्यांवर दोघं बसतात, बाकीचे पंधरा आपापल्या दुचाकीवर. दुचाकीला आयोगानं अजून फर्निचर म्हटलेलं नाही.

खरी गंमत बूथवर मतदाराला यादीतला क्रमांक लिहून देतात त्या चिठ्ठीची. चिठ्ठी पांढरीफेक. तिच्यावर ना उमेदवाराचं नाव, ना चिन्ह. देणाऱ्याचा पक्ष मात्र गाव भागात शेंबड्या पोरालाही पाठ असतो (मध्येच बदलला तर तेही पोरालाच आधी कळतं). स्टेशन भागातल्या सोसायट्यांत चाकणच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मंडळी राहतात. त्यांना कुणाचा चेहरा ओळखीचा नाही. तिथं बूथवरचे दादा चिठ्ठी हातात देत तीन बोटं नाचवतात, ‘साहेब, तीन नंबर, विसरू नका.’ साहेब आत जाऊन बघतात, तर त्यांची खोली पाचवी.

रेघेच्या आत मत मागितल्याचं सिद्ध झालंच, तर दंड अडीचशे रुपयांपर्यंत. तेवढ्यात बूथवरच्या मंडळींचे सकाळचे वडापावही भागत नाहीत.

तेव्हा मतदारराजा, यादीतलं नाव १९५०वर फोन करून आदल्या दिवशीच शोधून ठेव. आणि चहा प्यायचाच असेल, तर स्वतःच्या पैशानं पी.