हुजुरांचा पत्ता

1939 च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक म्हणून उभ्या असलेल्या कमानिया गेटापाशी सराफ्यातील कुठल्याही पेढीचा पत्ता पानवालासुद्धा सांगतो. परंतु तिथल्याच एका पेढीत लिनक्स चढवताना, एका क्षुद्र पॅकेजाने एलडॅपचे (म्हणजे जाळ्यावरच्या सामाईक खातेयादीचे) दफ्तर कोठे, त्याचे मूळ कोणते, तिथल्या हुजुरांचा, अर्थात प्रशासकाचा, पासवर्ड काय, अशी माझी जबानीच सुरू केली. मी मुकाट्याने एंटर दाबत गेलो. आयताच मांडलेला ‘एक्झाम्पल, नेट’ हा पत्ता, जो 1999 पासून निव्वळ उदाहरणापुरता राखीव आहे, कायम झाला. आणि खात्यांच्या शोधक्रमात ‘फाइल्स’मागोमाग ‘एलडॅप’ रुजू होताच, घरच्या वहीत न सापडलेल्या मुनीमजींची चौकशी यंत्र त्या अस्तित्वशून्य दफ्तरात करीत बसले. मुनीमजी (तीस वर्षे त्याच गादीवर!) चष्मा पुसत पडद्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने निकाल आला : असा इसम नाही.