फांट, क्वाथ आणि पांढुर्णा : एक चहा-अभ्यासदौरा

चहाची चव कशी घ्यावी याविषयी जगात एक आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे, आणि त्याची अंमलबजावणी पांढुर्णा जिल्ह्यातील एखाद्या टपरीवर करू पाहणाऱ्याने परतीचे तिकीट आधीच काढून ठेवलेले बरे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ३१०३ क्रमांकाच्या दस्तऐवजानुसार दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती घ्यावी, चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यात तिच्यावर उकळते पाणी ओतावे, झाकण ठेवून ६ मिनिटे थांबावे आणि मगच अर्क चाखणीच्या वाडग्यात काढावा. दूध घालायचेच झाले तर त्याचेही नियम आहेत. साखरेला मात्र या विधीत स्थान नाही. उत्तम चहा करणे हा या मानकाचा हेतूच नाही. सगळ्या पत्त्यांना सारखीच वागणूक मिळावी आणि त्यामुळे त्यांची तुलना करता यावी, एवढाच त्याचा मर्यादित उद्देश आहे. ज्या ब्रिटिश मानकावरून ते बेतले गेले त्याला १९९९ मध्ये साहित्याचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कार्याला दिले जाणारे पारितोषिक मिळाले, ही गोष्ट मानकाचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

हे मानक, खिशात मावणारा तराजू आणि सुट्या पत्तीच्या पुड्या घेऊन जो अभ्यासक या भागात उतरतो, त्याला प्रदेशाची थोडी पार्श्वभूमी ठाऊक असणे आवश्यक आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून ते मिळून मध्य प्रदेशचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, त्यामुळे येथील मराठी माणूस अर्ज हिंदीत लिहितो, तो का नामंजूर झाला याची चर्चा मराठीत करतो, आणि दोन्हींच्या मध्ये चहा पितो. रेल्वेनेही या जिल्ह्याची वाटणी केलेली आहे. पांढुर्णा नागपूर–इटारसी मार्गावर येते, तर सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर, जिथे २०१५ पर्यंत अरुंद रुळांची गाडी स्वतःच्या मर्जीने धावत असे आणि आता रुंद रूळ आले आहेत. हे दोन मार्ग जिल्ह्यात एकमेकांना भेटत नाहीत. ते काम रस्त्याकडे आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांकडे आहे.

अभ्यासकाच्या पुड्यांविषयी इतकेच सांगितले म्हणजे पुरे, की पांढरा, हिरवा, ऊलाँग आणि काळा हे चहाचे सगळे प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाच्या पानांपासून होतात, आणि त्यांतील फरक मुख्यतः खुडलेल्या पानाला हवेतील प्राणवायूने किती काळे पडू दिले यावर अवलंबून असतो. पान अखंड राखून, वळून, सावकाश तयार केलेल्या चहाला ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. त्याउलट सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, गोळीदार करण्याची यांत्रिक पद्धत, १९३० च्या सुमारास आसामातील एका मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी प्रचारात आणली. तिच्यातून निघणारी बारीक दाणेदार पत्ती झटपट रंग सोडते आणि दुधापुढे हार मानत नाही. पांढुर्ण्याच्या किराणा दुकानात किलोवर मिळणारी सुटी चहापत्ती बहुतांशी याच कुळातली असते, आणि अभ्यासकाने पुढे केलेली लांब, वळलेली, चांदीसारखी टोके असलेली पत्ती पाहून दुकानदाराच्या मनात पहिली शंका येते ती ‘ही नीट दळलेली नाही’ अशी.

आता मूळ अडचणीकडे यावे. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण द्रवात उतरवण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत, ज्यांना पंचविध कषायकल्पना म्हणतात : स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, क्वाथ म्हणजे उकळून आटवलेला काढा, हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, आणि फांट म्हणजे गरम पाणी ओतून, थोडा वेळ मुरवून गाळलेला अर्क. या वर्गीकरणाच्या प्रकाशात पाहिले तर लंडनपासून टोकियोपर्यंतचे चहापान, त्यातील सर्व नाजूक किटल्या आणि वाळूची घड्याळे जमेस धरूनही, निव्वळ फांट ठरते. पांढुर्णा बसस्टँडवरचा चहा मात्र क्वाथ आहे. किंबहुना तो क्षीरपाकाकडे झुकलेला क्वाथ आहे, कारण क्षीरपाक म्हणजे औषधी दूध आणि पाणी यांत एकत्र शिजवून पाण्याचा अंश आटवणे, आणि टपरीवरच्या गंजात पत्ती, साखर, दूध, पाणी व ठेचलेले अद्रक यांचे सकाळपासून नेमके हेच चाललेले असते. फांटाचे मानक क्वाथाला लावणे ही शास्त्रीय चूक आहे, हे विधान चहावाल्याला समजावून सांगितल्यास तो शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, “फुल देऊ का कट?”

सहा मिनिटांची अटही येथे निरर्थक ठरते. गंजातला चहा उतू येतो, चहावाला तो उचलून खाली घेतो, पुन्हा ठेवतो, त्यात नवे दूध पडते, नवी पत्ती पडते, आणि त्या द्रवाचे वय नेमके किती हे सांगणे भूगर्भशास्त्रज्ञाचे काम होऊन बसते. तरीही तो कडू होत नाही, यामागे रसायन आहे. पत्ती फार वेळ उकळली की पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्ये मोठ्या प्रमाणात उतरतात, पण दुधातील केसीन हे प्रथिन त्यांना धरून ठेवते, म्हणून जिभेवर तुरटपणा कमी आणि भरीवपणा अधिक जाणवतो. उरलेला हिशेब साखर चुकता करते. याचा दुसरा परिणाम असा की आसामची पत्ती कोणती आणि निलगिरीची कोणती हे या पेयातून ओळखता येणे जवळजवळ अशक्य होते, आणि ज्या कौशल्यासाठी व्यावसायिक चहापारखी आयुष्य वेचतात त्या कौशल्यावर अद्रकाचा एक तुकडा पाणी फिरवतो.

या पारख्यांची चाखण्याची रीत मात्र या प्रदेशात अनोळखी नाही. चहापारखी चमचाभर अर्क हवेसह जोराने, मोठा आवाज करत तोंडात ओढतो, जेणेकरून त्याचे बारीक तुषार टाळूभर पसरावेत आणि गंध घशामागून नाकापर्यंत पोचावा. सौंसरच्या एखाद्या ओसरीवर बशीत चहा ओतून फुरका मारणारे काकाजी तंतोतंत हेच करतात, शिवाय बशीच्या पसरट पृष्ठभागामुळे चहा लवकर निवतो ही सोय त्यांच्याकडे अधिकची आहे. पुढच्या पिढीने हे शास्त्र गावंढळ ठरवून कागदी पेला स्वीकारला, ज्याला इकडे ‘डिस्पोजल’ असे भारदस्त नाव आहे, आणि त्यातून फुरका मारल्यास ओठ भाजण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. पारखी आणि काकाजी यांच्यात फरक एकच, पण तो निर्णायक आहे. पारखी चाखलेला घोट पिकदाणीत टाकून पुढच्या वाडग्याकडे वळतो. पाहुण्याने यजमानाच्या देखत चहा थुंकला तर त्याचे काय होईल हा प्रयोग कोणी केलेला नाही आणि करूही नये. त्यामुळे येथील तुलनात्मक चाखणीत प्रत्येक नमुना पूर्ण प्यावा लागतो, आणि दुपारपर्यंत अभ्यासकाच्या निरीक्षणांना कॅफीनचा कंप सुटतो.

घरात फांट करून पाहण्याचा प्रयत्नही सरळ पार पडत नाही. समजा, दार्जिलिंगची वसंतातली पहिली खुडणी काढली, पाणी उकळवले, घड्याळ लावले. पण हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, त्यामुळे विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि अशा पाण्यात चहातील पॉलिफेनॉल हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर तपकिरी तवंग धरतात. अभ्यासक तो दोष म्हणून वहीत नोंदवतो आणि त्याच क्षणी घरच्या काकू समाधानाने म्हणतात, “पाहा बरं, दुधाबिगर साय आली.” त्यानंतर खरी चौकशी सुरू होते. कोरा चहा पाहून “दूध हाये न घरी, संकोच कायले करता?” असा प्रश्न येतो, आणि साखर नाकारली की स्वर एकदम हळुवार होतो : “शुगर हाये का जी तुमाले?”

वनस्पतींच्या अर्कांकडे वळल्यावर ही चौकशी रोगनिदानाचे रूप घेते, कारण या भागात पाला उकळून पिणे हे आजारी माणसाचे काम मानले जाते आणि निरोगी माणूस ते हौसेने मागेल ही कल्पना कोणाला पटत नाही. गवती चहा मागितला की सर्दी ठरते. तुळस मागितली की खोकला. ओव्याचे पाणी मागितले की पोटात वायू धरला आहे हे शेजारच्या घरापर्यंत कळते. अर्जुनाच्या सालीची, जिला मध्य भारतात कोह्याची सालही म्हणतात, विचारपूस केली की हृदयाचा प्रश्न उपस्थित होतो आणि बसायला लोडाची जागा मिळते. आठवडी बाजारातला जडीबुटीवाला या सालीचा जन्म पातालकोटात, म्हणजे तामियाच्या बाजूच्या भारिया आदिवासींच्या खोल दरीत झाल्याचे शपथेवर सांगतो. अर्जुन नदी-नाल्याकाठी सर्वत्र उगवतो हे त्याला ठाऊक असते, पण वंशावळीवाचून भाव चढत नाही. आयुर्वेदात ही साल दुधात शिजवून क्षीरपाकानेच देतात, तेव्हा टपरीची पद्धत आणि ग्रंथाची पद्धत येथे एकमेकींना मिळतात. चवीबाबत मात्र ती लाकडासारखी तुरट लागते, आणि तिला चहा म्हणणे हा चहावर आणि अर्जुनावर सारखाच अन्याय आहे. संध्याकाळपर्यंत अशा रीतीने मधुमेह, सर्दी, वायू आणि हृदयविकार जडलेला अभ्यासक रात्री मूग-खिचडीवर ठेवला जातो.

गवती चहाविषयी अधिक लिहिणे भाग आहे. सिट्रल या द्रव्यामुळे त्याच्या पातीला लिंबासारखा वास येतो. चहाच्या झुडपाशी काही नाते नसलेले हे गवत बांधावर किंवा परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढते, विकत घ्यावे लागत नाही, आणि पातीची गाठ मारून गंजात टाकली की काम भागते. त्याचा फांट केला तर वास येतो पण अंग येत नाही. पाच-सात मिनिटे उकळून, गुळाचा खडा घालून, दुधावाचून घेतला तर दोन्ही येतात. म्हणजे या एका वनस्पतीच्या बाबतीत क्वाथाची बाजू निर्विवाद वरचढ आहे.

अंबाडीचे उदाहरण याच्या उलट जाते. लाल अंबाडीच्या बोंडांवरचे मांसल आवरण वाळवून त्यावर गरम पाणी ओतले तर माणकासारखा लाल, सणसणीत आंबट अर्क मिळतो, आणि हाच अर्क इजिप्तपासून मेक्सिकोपर्यंत आवडीने पितात. परंतु पांढुर्ण्यात पाहुण्यापुढे बिनदुधाचे पेय ठेवणे यजमानाला प्रशस्त वाटत नाही. प्रेमाने ओतलेले ते दूध तत्काळ फाटते, कारण या अर्काची आम्लता केसीन साकळण्यास लागणाऱ्या मर्यादेच्या बरीच पलीकडे असते. गुलाबी पनीर आणि लालसर पाणी अशी जी वस्तू हाती उरते तिचे वर्गीकरण पाचांपैकी कोणत्याही कल्पनेत होत नाही.

पळसाच्या फुलांचे मात्र हिमच करतात. फाल्गुनात झडलेली फुले रात्रभर भिजवली की केशरी पाणी होते, जे होळीला रंग म्हणून आणि उन्हाळ्यात थंडावा म्हणून वापरले जाते. चव जवळपास नसते, रंग पुरेसा असतो. याच पळसाचे झाड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंड्यासह रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक गोटमारीत त्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. माणसे जखमी होतात, कधी दगावतातही, प्रशासन दरवर्षी समजावते, आणि परंपरा चालू राहते. त्या दिवशी चहाच्या अभ्यासाला जाऊ नये.

सौंसरकडे जाताना संत्र्याच्या बागा लागतात आणि विषयाला नवे वळण मिळते. येथील संत्री बाजारात नागपुरी म्हणून विकली जातात, आणि भौगोलिक मानांकनाचा मान २०१४ मध्ये मिळाला तोही नागपूर संत्र्यालाच. दार्जिलिंगच्या चहाने तो भारतात सर्वांत आधी, २००४ मध्ये मिळवला होता. झाडाला दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुले हिवाळ्याअखेर येऊन फळ नोव्हेंबर-डिसेंबरात उतरते, तर मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलून फळ फेब्रुवारी-मार्चात देतो. या फळाची सैल साल हातानेच सुटते आणि बहुतेक वेळा उकिरड्यावर जाते, हे पाहून अभ्यासकाला हळहळ वाटावी, कारण चीनमध्ये अशाच फळाची साल वाळवून, वर्षानुवर्षे मुरवून, ‘चेन-पी’ या नावाने चहात घालतात आणि ती जितकी जुनी तितकी महाग विकतात. सालीच्या बारीक पिशव्यांतले लिमोनीनयुक्त तेल गरम पाण्यात लगेच उतरते. फवारणी न झालेल्या फळाची साल धुऊन, आतला पांढरा कडू भाग खरवडून, सावलीत वाळवली आणि साध्या सीटीसी पत्तीच्या कोऱ्या चहात तिचा तुकडा टाकून वर त्याच फळाचा रस पिळला, तर आम्लतेमुळे जड पाण्याचा तवंगही हटतो आणि अर्काचा रंग उजळतो. दोन रुपयांच्या पत्तीला दार्जिलिंगच्या दिमाखापर्यंत नेणारी दुसरी युक्ती या दौऱ्यात आढळत नाही. त्यावर बागाईतदाराचा शेरा एवढाच, की “फळाले भाव नाही जी, सालीले कोन देते?”

सौंसरजवळच्या जामसावळी येथे पहुडलेल्या अवस्थेतील हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी आणि शनिवारी गर्दी होते, आणि तेथील टपऱ्यांवर गंज खाली उतरतच नाही. देव झोपलेला असला तरी भक्ताने जागे राहावे अशी ती व्यवस्था दिसते. चाखणीचा निकाल द्यायचा तर तो असा : बांधावरचा ताजा गवती चहा गुळासह पहिला, संत्र्याच्या सालीचा कोरा चहा त्याच्या खालोखाल, आणि थंडीच्या सकाळी सहा वाजता टपरीचा अद्रक घातलेला क्वाथ या दोघांनाही मागे टाकतो. अंबाडी दुधापासून दूर ठेवल्यास उत्तम. दार्जिलिंगने या पाण्यावर निराशा केली, तिचा दोष मळ्यावर नाही. इकडे येऊ इच्छिणाऱ्याने आंबिया बहाराचा हंगाम निवडावा, नाजूक पत्ती घरी ठेवून वहीच तेवढी आणावी, आणि कोणत्याही घरी ‘चहा झाला’ असे सांगण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या वाक्याला या दोन्ही तालुक्यांत नकार समजण्याची पद्धत नाही.