कुठे अडलात ते सांगा

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. धास्ती उत्तराची वाटते.

"परवाच एक कादंबरी संपवली. एका बैठकीत!" साडेतीनशे पानं, एक बैठक. कादंबरी म्हणजे काय विनाथांबा एसटी आहे, लवकर पोचली म्हणून कौतुक करायला? कुठे अडलात ते सांगा. कोणतं पान उलटवेना, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कुठेच अडला नसाल, तर एक तर कादंबरी पोकळ आहे, नाही तर वाचन.

पुढची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. मनाला भिडली. अंतर्मुख केलं. प्रत्येकाने आवर्जून वाचावी. ही वाक्यं कोणत्याही कादंबरीला लावा, बसतात.

म्हणूनच ती कोणत्याच कादंबरीची नाहीत.

'मृत्युंजय' घ्या. १९६७ पासून घराघरांत वाचली जाते. शिवाजी सावंतांनी ती एकट्या कर्णाच्या तोंडून सांगितलेली नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, शेवटी कृष्णही बोलतो. सहा जणांनी जीव तोडून सांगितलं आणि आपलं मत काय? "कर्णावर फार अन्याय झाला." हे तर कादंबरी उघडण्याआधीही ठाऊक होतं. वृषालीला नवऱ्यात काय दिसलं, धाकट्या भावाला काय दिसलं, यावर तासभर वाद घालणारा वाचक कुठे भेटतो?

मिलिंद बोकीलांची 'शाळा' निघाली की सगळे त्यातल्या शिरोडकर या मुलीवर घसरतात. पहिलं प्रेम, शाळेचा रस्ता, आपले दिवस. खरं आहे, गोड आहे. पण ती गोष्ट आणीबाणीत घडते. त्या पोरांच्या डोक्यावर कसलं आभाळ आहे, हे बोकीलांनी उगाच लिहिलं का? "आम्ही सिनेमा पाहिलाय", असं उत्तर येतं.

सिनेमा पाहिला असेल तर सिनेमावर बोला.

'कोसला'चे भक्त वेगळे. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. साठ वर्षं झाली, तरी दर चार वाक्यांत एक 'वगैरे' पेरला की वाचल्याचा पुरावा दिल्यासारखं वाटतं. नायक पांडुरंग सांगवीकरची ढब उचलणं सोपं आहे. त्याची बहीण मनी मरते तिथे वाचताना तुमचं काय झालं, हे बोलून दाखवणं अवघड. तेवढं सोडून बाकी सगळं बोललं जातं.

पुरस्कार जाहीर झाला की मतांना पूर येतो. आदल्या दिवशी ज्या पुस्तकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं लाडकं. नंदा खरे यांच्या 'उद्या'ला साहित्य अकादमीचा २०२०चा पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. नाकारला का, यावर सगळे बोलले. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारा उद्याचा समाज त्यांनी कादंबरीत उभा केला, त्यावर किती जण बोलले?

लेखकाच्या निर्णयावर मत द्यायला पुस्तक वाचावं लागत नाही, हे त्याचं कारण.

आणि प्रकाशन समारंभ. पाहुणे उठतात, "वेळेअभावी मी अजून पूर्ण वाचू शकलो नाही", असं म्हणतात आणि पुढे पंचवीस मिनिटं त्या कादंबरीवरच बोलतात. लोक टाळ्या वाजवतात. अहो, न वाचता बोलायला वेळ मिळाला, तो वाचायला का नाही मिळाला? ज्याने दोन-चार वर्षं घालून पुस्तक लिहिलं, त्याचा यापेक्षा मोठा अपमान कोणता? टीका परवडली. निदान ती करायला पुस्तक उघडावं लागतं.

मग मित्रमंडळ. त्याने माझ्या कादंबरीवर लिहायचं, मी त्याच्या. दोन्ही परीक्षणांत मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून वाढलेला. गुळमुळीत कौतुकाने एक वाचकही वाढत नाही. शेजारीण म्हणाली, "मला राग आला ते पुस्तक वाचून", की हात आपोआप पुढे होतो. बघू तरी, काय आहे!

एवढं चिडायचं कारण काय? सांगतो. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हजाराच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. जाहिरातीला पैसा नाही. मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेत जागा नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती फक्त बोलण्यावर. वाचक पोकळ बोलला, की तिचा एकुलता एक रस्ता बंद.

हा रस्ता जुना आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. नायिका यमूचं पुढे काय होणार, यासाठी आठवडाभर थांबावं लागे. थांबणं म्हणजे बोलणं आलंच. ज्या घरांत विधवांची केशवपनं होत होती, त्याच घरांत यमूचं केशवपन वाचलं गेलं. तिथे "अंतर्मुख केलं" म्हणून भागणार होतं थोडंच?

गावातल्या ग्रंथालयात जा. जुन्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडतं. "हे खोटं आहे." "सासू अशीच." "पुढची दहा पानं सोडा." सार्वजनिक पुस्तकात लिहू नये, मान्य. पण या तीन ओळींत तीन वाचक सापडतात, आणि तिघेही जागे आहेत. छापलेल्या परीक्षणांतून एवढं मिळतं का?

घरातलंही ऐका. एका घरातली आजी 'स्वामी'ची भक्त. रणजित देसाईंचे माधवराव पेशवे आणि रमा तिला तोंडपाठ. नातीने यंदाच्या सुट्टीत वाचली आणि जेवताना विचारलं, "रमाबाई सती जातात तो शेवट इतका देखणा का लिहिलाय?" आजी म्हणाली, "अगं, तो काळच तसा होता. १७७२ साल." नात म्हणाली, "पण लिहिली १९६२ साली ना?"

जेवण थांबलं. आजी रागावली, उठून पुस्तक घेऊन आली. शेवटची पानं मोठ्याने वाचली. तिचं म्हणणं, देखणं आहे ते प्रेम, चिता नव्हे. नातीचं म्हणणं, वाचणाऱ्याला दोन्ही वेगळं काढता येईल असं लेखकाने ठेवलेलंच नाही. दोघीही पानावर बोट ठेवून भांडत होत्या. माझं मत नातीकडे झुकतं, पण ते राहू द्या. साठ वर्षं जुन्या कादंबरीला त्या दिवशी जितकी इज्जत मिळाली, तितकी सत्कारात मिळत नाही.

'नाही आवडली' म्हणायला मात्र आपल्याला घाम फुटतो. 'ययाति'ला साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांमुळेच मिळालं. मग ययातीच्या रडगाण्याचा कंटाळा आला, हे सांगायचं कसं? सांगायचं, त्यात काय! देवयानी आणि शर्मिष्ठाही त्याच पुस्तकात आपापली बाजू मांडतात. कुणाची पटली ते सांगा, कुणाची नाही ते सांगा. खांडेकर त्याने लहान होत नाहीत. गप्प राहून आपण होतो.

अर्धी सोडलीत? तेही सांगा. चाळिसाव्या पानावर का सोडली, हे नीट सांगणारा माणूस शेवटपर्यंत वाचून "छान" म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा मोलाचा.

एका ग्रंथालयाच्या वाचक कट्ट्यावर कृष्णात खोत यांची 'रिंगाण' होती. साहित्य अकादमीचा २०२३चा पुरस्कार तिला. धरणामुळे उठलेलं गाव, मागे सुटलेली म्हैस, तिला आणायला परत निघालेला माणूस. चार वक्ते विस्थापनाच्या प्रश्नावर बोलले. चौघांचंही भाषण पुस्तक नसतं तरी तसंच झालं असतं.

मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचं माहेरचं गाव धरणात गेलेलं. "आमची जनावरं कवडीमोलाने विकली," म्हणाल्या. "नव्या घरात आई पहाटे उठून गोठ्याकडे जायला निघायची. गोठा कुठला! दारात उभी राहून परत यायची." मग म्हणाल्या, "एका म्हशीसाठी माणूस एवढा मागे जाईल का, असं माझ्या यजमानांना वाटलं. मला नाही वाटलं. भाषा मात्र मला जड गेली. पहिली काही पानं दोनदा वाचली तेव्हा लागली." कौतुक होतं, तक्रार होती, घरातला मतभेदही होता. सभागृहात पहिल्यांदा लोक खुर्चीवर पुढे सरकले.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं.

का? तो कट्टा कुणासाठी होता? वक्त्यांना दहा-दहा मिनिटं आणि वाचकाला दीड? कट्टे भरवणाऱ्यांनी एवढंच करावं: भाषणं बंद. प्रत्येकाने पुस्तक आणायचं, एक पान उघडायचं आणि त्याच पानावर बोलायचं. ज्याच्याकडे पान नाही, त्याने ऐकायचं.

पुढच्या खेपेला तिथे 'बनगरवाडी' आहे. १९५५ची, एवढीशी कादंबरी, न वाचण्याला सबब नाही. माडगूळकरांचा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा जमवतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. मग मास्तरच्या कष्टाचं काय झालं? वाया गेले? मी म्हणतो, नाही गेले. ज्यांना वाटतं गेले, त्यांनी यावं आणि पान दाखवावं.