इंजिनाचा उन्हाळा

गोसीखुर्दला विमानतळ नाही. धरण आहे, धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि नजर जाईल तिथवर वैनगंगेचं पाणी आहे. त्यामुळे इथल्या माणसाला विमान उडवायचं तर ते संगणकावरच. मी फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर वापरतो. एकतर ते फुकट आहे. शिवाय त्यातल्या इंजिनाची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. घरच्यांच्या मते हेच दुर्दैव.

त्या फाइलीत सेसना १७२ या छोट्या विमानाचं अख्खं इंजिन लिहिलेलं असतं: १६० अश्वशक्ती, मिनिटाला २७०० फेरे, इंधनाची भूक. आकडा बदलला की घोडे बदलले. ना ग्रीसचे हात, ना मिस्त्रीची मनधरणी.

भानगड एवढीच, की हे आकडे ‘प्रमाण वातावरणा’चे, म्हणजे समुद्रसपाटी आणि १५ अंश. हे प्रमाण ठरवणारा गृहस्थ मे महिन्यात आमच्या जवळच्या पवनीच्या बसस्थानकावर उभा राहिलेला नसणार. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान ठेवावं आणि पारा ४५वर न्यावा. हवा तापून विरळ होते आणि हजारेक फुटांवरच्या बिरसीत विमानाला वाटतं, आपण पावणेपाच हजार फुटांवर आहोत. म्हणजे महाबळेश्वरच्याही वर! थंडी नाही, स्ट्रॉबेरी नाही, नुसती दमछाक. इंजिनाचे बारा-पंधरा घोडे जागीच बसकण मारतात, पंखही आळसावतात आणि जमीन सोडायला चाकं नेहमीपेक्षा जास्त धावपट्टी खातात.

अशा वेळी १६०चे २०० करण्याचा मोह होतो. गोसीखुर्दकरांना फुगत्या आकड्यांचं नवल नाही. ३७२ कोटींचं आमचं धरण १८ हजार कोटींच्या पुढे गेलं. पण २०० घोड्यांचं विमान डिसेंबरच्या पहाटे बाणासारखं सुटतं आणि सगळं सोंग उघडं पडतं.

शेजारचे काका खिडकीतून विचारतात, “काहून बापू, उडलं का तुहं इमान?”

“इंजिनाचं काम सुरू आहे, काका.”

“चालू दे. राजीव गांधींनी १९८८ साली पायाभरणी केली, तवापासून आमच्या धरणाचंही सुरूच आहे.”

तेव्हा वाचकहो, फाइलीला हात लावू नका. इंधन-हवेच्या मिश्रणाची लाल मूठ थोडी बाहेर ओढा, म्हणजे विरळ हवेला बेताचंच इंधन मिळेल. टाकी अर्धीच भरा आणि उजाडताच निघा. मे महिन्यात भर दुपारी उडायचा हट्ट धरू नका. त्या वेळी आमच्याकडे कावळाही उडत नाही.