बैलगाडीच्या दोन फेऱ्या, विहीर फुकट

माझ्या मामेभावानं ज्वारी विकणं जवळजवळ सोडलंय. आता तो ज्वारीत बसणं विकतो.

पुणे-सोलापूर रस्त्याला भिगवण मागं टाकलं की थोडं आत त्याचं, म्हणजे अण्णाचं, रान आहे. पूर्वी त्या रानातून पोती निघायची, ती आडतीवर जायची, आडत्या सांगेल तो भाव मान खाली घालून ऐकायचा, हमाली-तोलाई वजा जाता पट्टीत जे उरेल ते खिशात टाकायचं आणि एसटीत कुणी विचारलंच तर 'बरा लागला की' असं सांगायचं, हा दरसालचा कार्यक्रम. आता डिसेंबर उजाडला की फाट्यावर फ्लेक्स झळकतो. 'अस्सल गावरान अनुभव! हुरडा, पिठलं-भाकरी, बैलगाडीच्या दोन फेऱ्या, झोका, पतंग. विहीर फुकट. पूर्वनोंदणी आवश्यक.' खाली फेटा बांधलेला अण्णा. अण्णानं त्याआधी फेटा बांधला होता तो फक्त स्वतःच्या लग्नात, आणि दोन्ही फोटोंत चेहऱ्यावरची काळजी अगदी सारखी आहे.

अण्णा जे करतो त्याचं शास्त्र अमेरिकेत जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर या दोन गृहस्थांनी १९९८ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मांडून ठेवलंय. त्यांचं म्हणणं वाढदिवसाच्या केकवरून सुरू होतं. एके काळी आई पीठ, साखर, लोणी, अंडी आणून घरी केक करायची. मग तयार पिठाचं खोकं आलं. मग केकच बेकरीतून यायला लागला. शेवटी दमलेल्या आईबापांनी अख्खा वाढदिवसच एका कंपनीच्या गळ्यात घातला, आणि केक बऱ्याचदा त्यात फुकट मिळू लागला. म्हणजे माल स्वस्त, सेवा थोडी महाग आणि आठवण सगळ्यांत महाग. मी हे अण्णाला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. त्यानं तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्ये दोघं हुरड्याला आलं तर त्यास्नी सवलत देऊ."

पण सिद्धांत त्याच्या रानात तंतोतंत लागू पडतो. ज्वारीचा दाणा दुधातून पिठात जायच्या बेतात असतो, ते थोडेच दिवस हुरड्याचे. पूर्वी ते हुकले तर हुकले, पुढच्या वर्षी या. आता अण्णा आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तुकड्यातुकड्यानं पेरणी करतो. एक तुकडा टणक व्हायला लागला की दुसरा कोवळा तयारच. वाणही बघून पेरतो, सुरती आणि गुळभेंडी, दाणा गोड आणि कणसातून झटकन सुटणारा. जमिनीत खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा इंगळ झाला की त्यात कणसं खुपसायची. ही आगटी. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. यातली कोणतीही गोष्ट महाग नाही. महाग आहे तो आगटीभोवती बसायला मिळालेला माणूस, आणि तुम्ही खाताना तुमच्यासाठी चटका सोसणारा त्याचा तळहात.

पहिल्या हंगामात या तळहाताचा वांधा झाला होता. हिंजवडीहून आलेल्या काही मंडळींना सगळं स्वतःच करायचं होतं, कारण तो त्यांच्या कंपनीचा संघभावना वाढवायचा दिवस होता. पहिलं कणीस हातात घेताच संघाच्या प्रमुखांनी ते उपप्रमुखांकडे दिलं, उपप्रमुखांनी खाली, आणि अशा रीतीनं ते कणीस कंपनीच्या सगळ्यात नव्या पोराच्या हातात येऊन थांबलं. संघभावना म्हणजे काय ते मला तिथं नीट कळलं. त्यातल्याच एका बाईंनी अण्णाला विचारलं, "यात ग्लूटेन असतं का?" ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण अण्णाला वाटलं काहीतरी कमी पडलंय. तो म्हणाला, "न्हाई ताई, पण पायजे असंल तर घरनं आणतो."

आता अण्णा तयार झालाय. डिस्नेलँडवाल्यांची एक गोष्ट मी त्याला सांगितली होती, ती मात्र त्यानं मनावर घेतली. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला ते सुरू झालं, तेव्हापासून तिथं गिऱ्हाइकाला पाहुणा म्हणायची आणि नोकरांना नटमंडळी समजायची रीत आहे. कामावर आला म्हणजे रंगमंचावर आला. अण्णाला हे फार पटलं. हल्ली रविवारी सकाळी घरात नाटकाच्या दौऱ्याची धांदल असते. वहिनी एरवी गाऊनवर टॉवेल घेऊन भाकऱ्या थापतात, त्या नऊवारी नेसतात. थोरला पोरगा जीन्स काढून धोतर नेसतो आणि दर अर्ध्या तासानं ते सुटतं. ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीमागं लपवला जातो, कारण ट्रॅक्टर दिसला की अनुभव पातळ होतो. बैल शेजाऱ्याचे, भाड्यानं आणलेले. अण्णाची स्वतःची जोडी ट्रॅक्टर घेताना विकली. फ्लेक्सवर त्यांची नावं सर्जा-राजा. खरी नावं शेजाऱ्यालाही माहीत नसावीत, तो दोघांनाही एकच शिवी देतो.

डिस्नेच्या उद्घाटनाच्या दिवशीही गोंधळच झाला होता. ताजं डांबर मऊ राहिलेलं, बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या, आणि खोटी तिकिटं घेऊन हजारोंनी माणसं आत शिरली. अण्णाच्या पहिल्या रविवारी म्हैस सुटून आगटीकडं आली आणि पाहुण्यांनी तिचे व्हिडिओ काढले, एवढंच. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. पुढच्या रविवारी दोघांनी फोन करून विचारलं, "म्हैस किती वाजता सुटते?"

या सगळ्यात एकट्या मामी अजून पात्र झालेल्या नाहीत. पडवीत एक जातं मांडलंय, तेही कुणाकडून तरी मागून आणलेलं, कारण घरात घरघंटी आहे. पुण्याच्या बायका तिथं रांग लावून बसतात, खुंटा धरून चार वेढे देतात, मैत्रिणीला व्हिडिओ नीट आला का विचारतात आणि उठतात. मामींनी तरुणपणी पहाटे उठून ज्या जात्यावर हात मोडून घेतले, त्याच्यासाठी माणसं डिझेल जाळून येतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यांच्या तिकडं गिरण्या बंद पडल्यात व्हय रं?" दळून झालेलं पीठ बोटांत चोळून बघतात, 'जाडं आलंय' असा शेरा मारतात आणि कोंबड्यांपुढं टाकतात.

मामींच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, पण या हौशी माणसांना सोबत मात्र पुष्कळ दाखवता येईल. नाशिकला वाइनवाले द्राक्षं तुडवायला बोलावतात आणि माणसं पैसे देऊन टबात उतरतात. गावाकडं कुणाच्या द्राक्षांत पाय घातला असता तर त्याच पायानं घरी यायची पंचाईत झाली असती. मुंबईत घाटकोपरला २०१३ साली किडझेनिया आलं, मूळचं मेक्सिकोचं. तिथं आईबाप तिकीट काढतात आणि पोरं कामाला जातात. माझ्या भाच्यानं तिथं अग्निशमन दलात मनापासून नोकरी केली, तिथल्या चलनात, किडझोजमध्ये, पगार घेतला आणि घरी येऊन जेवणाचं ताट जागेवरच ठेवून उठला. विचारलं तर म्हणाला, "इथं पगार नाही." जपानमध्ये क्योटोला २००७ साली एका खोलीत माणसांना कोंडून कोडी सोडवायला लावायचा खेळ निघाला, तो आता पुण्यातही आहे. आमच्या चाळीत संडासाची कडी बाहेरून लागली की हाच खेळ व्हायचा, तिकीट न काढता.

अनुभव विकणं आपल्याकडं जुनंच आहे, फक्त पूर्वी तो घरपोच यायचा. बहुरूपी खाकी डगला घालून दारात उभा राहायचा आणि आजोबांच्या नावानं वॉरंट वाचायचा. गुन्हा काय, तर शेजाऱ्याची म्हैस आमच्या आजोबांकडं बघून हसली. आजोबा गंभीर चेहऱ्यानं जामीन मागायचे, बहुरूपी जामीन नाकारायचा, आजी आतून सुपात जोंधळे घेऊन यायची आणि खटला काढून टाकला जायचा. हल्ली शहरात याच प्रकाराला 'इमर्सिव्ह थिएटर' म्हणतात आणि गाडी लावायचे वेगळे घेतात.

या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र महाबळेश्वरच्या पॉइंटवरचा दुर्बीणवाला. भांडवल एक दुर्बीण. तीही तो आपल्याला धड धरू देत नाही. एका डोळ्याला लावतो आणि कानात सांगत सुटतो, "तो बघा प्रतापगड, तो भगवा झेंडा, ते देऊळ, आता डावीकडं." मी गेलो तेव्हा गच्च धुकं होतं. मला नुसतं पांढरं दिसत होतं. पण माझ्या आधीचे काका "वा, काय तटबंदी!" म्हणून बाजूला झाले होते, त्यामुळे मलाही तटबंदी पाहावी लागली. अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठानं या माणसाला अजून व्याख्यानाला बोलावलेलं नाही, हे त्यांचं नुकसान.

काही सुज्ञ लोकांना हे सगळं खटकतं. हुरडा म्हणजे आमंत्रण, तो विकायचा कसा, पाहुण्याकडून पैसे घ्यायचे कसे, असं ते विचारतात. विचारताना हातात बहुधा पूर्वनोंदणीची पावती असते. मला यात काही खटकत नाही. पूर्वीच्या आमंत्रणाचा सगळा खर्च शेतकऱ्याकडं असायचा आणि सगळी आठवण पाहुण्याकडं. आता निदान खर्च पाहुण्याकडं गेलाय. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावऱ्यांनी कृषी पर्यटनाचा नमुना उभा केला, त्याला आता वीसेक वर्षं झाली. सरकारनंही २०२० साली त्याचं धोरण काढलं. अण्णानं रीतसर नोंदणी केली, आणि पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र विठोबाच्या फोटोशेजारी चौकटीत लावलंय. त्याच्या रानापासून जवळच उजनीच्या फुगवट्यावर मच्छीमारांनीही हेच केलंय. थंडीत रोहित पक्षी येतात, तेव्हा होडीत मासळीऐवजी कॅमेरेवाले बसवतात. मासळी मिळेलच असं नाही, कॅमेरेवाला मात्र आठवडाभर आधी फोन करून येतो.

खटकतं ते वेगळंच. जे लोक मॉलमध्ये मक्याच्या वाटीभर दाण्यांना छापील भाव देतात, ते अण्णाच्या रानात आले की अंगात भाव करायचं वारं शिरतं. "पोरगा बैलगाडीत झोपला होता, त्याचं अर्धं घ्या." "आम्ही हुरडा कमी खाल्ला, पिठलंच जास्त." एका गृहस्थांनी तर विहिरीत पाणी थंड होतं म्हणून सूट मागितली. विहीर फुकट होती. अण्णा त्यांच्याशी वाद घालत नाही. इतकी वर्षं आडत्यासमोर उभं राहून त्याचा तो स्नायूच गेलाय. पैशाचा गल्ला आता वहिनींकडं असतो, आणि नऊवारीतल्या बाईशी भाव करायला लोक जरा बिचकतात.

आम्हा नातेवाइकांचा प्रश्न त्याहून अवघड. आपल्याच मामाचं रान, त्यामुळे पैसे द्यायचे तर मामी रागावतात, आणि न द्यायचे तर आपल्यामुळे तिकिटवाल्यांची एक चटई अडते. वहिनींनी यावर नियम काढलाय. नात्यातल्यांनी सोमवारी यावं. सोमवारी बैल शेजाऱ्याकडं परत गेलेले असतात, ट्रॅक्टर अंगणात येतो, वहिनी गाऊनमध्ये, आणि आगटीवर अण्णा स्वतः कणीस चोळून हातावर ठेवतो. हुरडा तोच, पण फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तुम्ही काही नात्यातले नाही, तेव्हा रविवारीच जा. अण्णाकडं नाही तर दुसऱ्या कुणाकडं, सोलापूर, नगर, संभाजीनगरच्या रस्त्यांना फाट्याफाट्यावर फ्लेक्स आहेत. जानेवारी संपायच्या आत जा, फेब्रुवारी लागला की दाणा टणक होत जातो. वाण विचारून घ्या, गुळभेंडी असेल तर ती मागा. आणि वहिनी सांगतील तेवढे पैसे द्या.